फागू गवंड्याचा उतार

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांना दातही फुटले नव्हते तेव्हा, तलावाकाठच्या चिचाळबांध गावात फागू नावाचा गवंडी राहत होता. राहत होता म्हणायचं आपलं. त्याच्या पायाला भिंगरी होती. आज या गावात विहीर बांध, उद्या त्या गावात देवळाचा ओटा बांध. घरी आला तरी जेवताना एक पाय उंबऱ्याबाहेर. ताटातला भात निवायच्या आत तो पुढच्या गावाला पोचलेला असायचा, असं म्हणतात.

त्याला एकुलती एक लेक होती, बयना. आई नव्हती तिला. फागूने तिला तलावापलीकडच्या गावात दिली. पलीकडे म्हणजे अगदी डोळ्यांसमोर, तिच्या सासरच्या चुलीचा धूर इथून दिसायचा. पण उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठ आणि पाणी यांच्यामध्ये गाळाचा पट्टा उघडा पडे. वरून सुकलेला, आतून फसवा. म्हैस रुतली तर नुसती शिंगं दिसायची. डोंगा, म्हणजे खोड कोरून केलेली होडी, काठाला लागायचा नाही, आणि रानातून वळसा घालावा तर वाघ टपलेला.

बयनाला दिवस गेले. बाळंतपण वैशाखात यायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत. ते ऐकलं आणि इतकी वर्षं गावोगाव हिंडणारा फागू प्रथमच गावात अडकला. लेक घरी यायची कशी, हा एकच घोर. शेवटी त्याने ठरवलं, काठापासून थेट पाण्यापर्यंत पक्का उतार बांधायचा. डोंगा आतल्या माणसासकट वर ओढून घेता येईल असा.

आधी भरलेली घागर डोक्यावर घेऊन तो काठावर वर-खाली चालत सुटला. जिथे पाणी हिंदकळेल तिथे चढ जास्त, तिथली माती कापायची. लोक म्हणाले, याला ऊन लागलं. मग त्याने गाळ उपसला, दगड बसवले, वर चुना, वाळू आणि विटांचा चुरा घालून कोबा केला. चुना घट्ट धरावा म्हणून गुळाचं पाणी नि बेलाचा गर. गावातला सगळा गूळ त्यात गेला आणि त्या वर्षी पुरणपोळी कुणाच्या घरी झाली नाही, असं म्हणतात. बायकांनी गाणी म्हणत कोबा चोपला. एवढ्यावर थांबायचं ना? पण फागू कसला थांबतो. तो घोटायला बसला.

म्हातारा डोंगेवाला दशरू म्हणाला, "फागू, येवढा गुळगुळीत कायले करतं रे बाप्पा? ओला झाला का पाय घसरन ना."

"घसरू दे, काका. माही पोरगी येऊन राह्यली. तिले तोंड दिसलं पाहिजे त्याच्यात."

दशरू हसला. हौसेला मोल नाही म्हणतात, आणि बापाच्या हौसेला तर मुळीच नाही.

घोटून झालं, पण कोबा अजून ओला होता. फागूने दोन्ही कडांना काटेरी फांद्या टाकल्या आणि गावाला बजावलं, "ज्यानं पाय ठेवला त्याचं तंगडं मोडीन." मग स्वतःच काठावर येरझारा घालू लागला. ऊन चढलं की काळजी, ढग आला की काळजी. लेक यायला अवकाश होता, कोबा सुकायलाही अवकाश होता, आणि त्याला दोन्हींची घाई.

पण बाळ आजोबाच्या हिशोबाने कुठे येतं? कोबा ओला असतानाच भरदुपारी पलीकडून डोंगा सुटला. बयनाला कळा सुरू झाल्या होत्या आणि दशरू तिला घेऊन निघाला होता. तलावाच्या मध्यावर आले आणि वारं उठलं. पावसाचा थेंब नाही, नुसतं वारं. दशरूच्या हातचा डोंगा ढकलायचा बांबू गेला. डोंगा भरकटत आला आणि उताराच्या टोकापुढच्या गाळात रुतून बसला. एकेक लाट आत शिरू लागली. बयनाची किंकाळी सगळ्या गावाने ऐकली.

गाव धावत आलं आणि काट्यांपाशी थबकलं. बाजूने दोघे उतरले, ते छातीपर्यंत रुतले. त्यांनाच ओढून काढावं लागलं. मधे तो ओला उतार, आणि फागूचा धाक.

फागूने विहिरीवरचा मोटेचा दोर घेतला, एक टोक गावाच्या हातात दिलं आणि काटे ओलांडले. आपण घोटलेल्या कोब्यावरून तो धावत खाली गेला. प्रत्येक पावलाला पाय घोट्यापर्यंत आत जात होता. त्याने दोर डोंग्याला बांधला, मागे गाळात शिरला आणि खांदा लावला. "ओढा!" एवढंच ओरडला.

गावाने ओढलं. डोंगा गाळातून सुटला आणि त्या गुळगुळीत उतारावरून लोण्यासारखा वर आला. डोंग्याच्या बुडाने फागूचं एकही पाऊल पुसलं गेलं नाही, असं म्हणतात. बयना वर आली आणि तिथेच, काठावर, बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला. मुलगा झाला. आनंदाने लोकांनी मागे वळून पाहिलं, तर पाणी सपाट होतं. फागू कुठेच नव्हता. पुष्कळ शोधला. तलावाने त्याला दिला नाही.

कोबा वाळला. त्यावर खाली जाणारी पावलं उमटलेली होती, आणि वर येणारं एकही नव्हतं. पाऊस पडला, उतारावर शेवाळ धरलं, आणि दशरू म्हणाला होता तसंच झालं. कुणाचा पाय ठरेना. ठरायचा तो फक्त फागूच्या पावलांत. त्या खळग्यांत पाय रोवूनच माणसं चढू-उतरू लागली.

पण बयनाला ती पावलं बघवत नसत. सगळी खाली जाणारी. पुढल्या वैशाखात उताराची डागडुजी निघाली, तेव्हा ती पोराला घेऊन पाण्यापाशी गेली. त्याला हाताला धरून ओल्या चुन्यावरून वर चालवत आणलं. "बाबा फक्त गेला," ती म्हणाली. "येनारी पावलं आपल्यालेच काढा लागतीन."

आता तिथे सिमेंट-काँक्रीटचा उतार आहे. पण दर वैशाखात त्याची डागडुजी होते, आणि सिमेंट ओलं असतानाच माहेराला आलेल्या लेकी आपापली पोरं घेऊन पाण्याकडून गावाकडे अनवाणी चालत येतात. उताराच्या माथ्यावर गावातलं सर्वांत म्हातारं माणूस उभं असतं. ते विचारतं, "आला का फागू?"

आणि चालता चालता लेकी उत्तर देतात, "येऊन राह्यला जी."