दरडीखाली बसलेला तापस

पूर्वी सुवेल नगरीत महिंजय राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या एका कुंभारगावात जन्माला आला. दरडीतल्या चिकणमातीवर गावाचे पोट चाले. बोधिसत्त्व ऐन तारुण्यात असताना एका पावसाळ्यात, माती खणता खणता दरड कोसळली आणि त्याचा धाकटा भाऊ सुजात तिच्याखाली गेला. बोधिसत्त्वाने त्याला नुसत्या हातांनी उकरून काढले, पण उशीर झाला होता. त्या जागी त्याने एक दगड रोवला आणि गावापुढे हात जोडून म्हटले, "पावसाळ्यात इथे कुणी कुदळ मारू नका." गावाने ऐकले. पुढे त्याचे मन संसारात रमेना, म्हणून तो प्रव्रज्या घेऊन हिमालयाकडे निघून गेला.

वर्षे लोटली. तेव्हाची माणसे बहुतेक गेली, दगड राहिला. कुणीतरी त्याला शेंदूर लावला, मग तो देवीचा झाला आणि त्याच्यामागोमाग नियमही देवीचा झाला. नियम मोडला की पुजारी कापिल देवीच्या नावाने कोंबडा घेई. ग्रामप्रमुख भद्रसेन म्हणे की ही राजाची आज्ञा आहे, आणि तो दंड घेई. असे त्या नियमाचे बरे चालले होते. तो केला कशासाठी, हे दोघांनाही ठाऊक नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नव्हते.

म्हातारपणी बोधिसत्त्व गावोगाव फिरत, चारिका करीत त्या गावी आला, तेव्हा पावसाळाच होता. वडाखाली सारा गाव जमला होता. मध्ये सोणा नावाची एक विधवा कुंभारीण उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते. कुणी एक वाटसरू बुरूड पावसाच्या आडोशाला दरडीच्या कपारीत शिरला होता आणि दरड त्याच्यावर कोसळली होती. सोणाने कुदळ घेतली आणि त्याला जिवंत बाहेर काढले.

"देवीने घेतलेला बळी हिने हिसकावला," कापिल म्हणाला. "हिला गावात ठेवाल, तर देवी गावावर कोपेल."

"देवीचे तुम्ही पाहा," भद्रसेन म्हणाला. "राजाज्ञा मोडली आहे. हिचे चाक फोडा आणि हिला शिवेबाहेर घाला."

एवढ्यापुरते दोघांचे एकमत झाले. सोणा म्हणाली, "तो आतून ओरडत होता. मी काय करायचं होतं? ऐकत बसायचं?"

बोधिसत्त्वाचा जीव कळवळला. गप्प राहावे, तर ही बाई भर पावसात उघड्यावर पडणार. खरे सांगावे, तर नियमामागची देवीही जाईल आणि राजाही जाईल. उत्सवाच्या पणत्यांसाठी नगरातून तगादा लागला होता, घरातली माती संपली होती, आणि तरुण पोरे कुदळी घेऊन तयारच होती. उद्या आणखी एखादा सुजात दरडीखाली गेला तर? तरीही खोट्याच्या टेकूवर कुणाचा जीव राखावा, हे त्याला पटेना. तो पुढे झाला.

"हा नियम देवीने दिला नाही, राजानेही दिला नाही. मी केला. माझा भाऊ तिथे मेला."

"कोण हा भिकारी?" कापिल ओरडला. पण गर्दीतून डोळ्यांनी अधू झालेली एक म्हातारी काठी टेकत आली. तिने त्याचा चेहरा हातांनी चाचपला आणि ती रडू लागली. "अरे, हा सुजातचा दादा! आवाज तोच आहे."

गाव थक्क झाला. पण बोधिसत्त्वाला ज्याची भीती होती, तेच झाले. नंदिय नावाचा तरणाबांड कुंभार उसळून म्हणाला, "म्हणजे एका माणसाचा शब्द! एवढ्यासाठी आम्ही चार-चार महिने हात बांधून बसलो? चला रे, माती काढू."

बोधिसत्त्व त्याला अडवायला गेला नाही. तो सगळ्यांच्या आधी दरडीपाशी पोहोचला, वाकून कपारीत शिरला आणि मांडी घालून बसला. वरून ओल्या मातीचे ढेकूळ त्याच्या खांद्यावर पडले.

"मार कुदळ," तो म्हणाला.

नंदियने कुदळ उचलली. ती वरच राहिली. "आजोबा, आधी बाहेर या."

"का? देवीची आडकाठी नाही. राजाची नाही. माझा शब्द तर तू आत्ताच झुगारलास."

"दरड तुमच्यावर येईल ना!"

"येऊ दे. मी तुझा कोण लागतो?"

"कुणी नाही," नंदिय म्हणाला, आणि त्याचे हात थरथरू लागले. त्याने कुदळ खाली ठेवली, कपारीत हात घातला आणि म्हाताऱ्याला बाहेर ओढून घेतले. त्याला रडू आवरेना.

बोधिसत्त्वाने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. "पोरा, आत्ता तुझ्या हातांना जे झाले, ते सुजातला उकरताना माझ्या हातांना झाले होते. नियम मी तिथून आणला. दुसरीकडून नाही. आणि सोणाचेही हात तेच सांगत होते. तुझी कुदळ थांबली आणि हिची चालली, पण दोघांचे कारण एकच."

सगळे लोक मान खाली घालून उभे राहिले. मग भद्रसेनच पुढे झाला आणि सोणाला म्हणाला, "बाई, घरी जा. चाक सांभाळ." त्या पावसाळ्यात नगराला पणत्या मिळाल्या नाहीत. नियम राहिला, त्यात एवढीच भर पडली की दरडीखाली कुणी सापडले, तर ज्याच्या घरी कुदळ असेल त्याने धावत यावे.

ही कथा संपवून संघाचे गुरू शास्ते समोरच्या दोन भिक्षूंकडे वळले. संघाचे नियम शास्त्याच्या शब्दामुळे टिकतात की संघाच्या शिस्तीमुळे, यावरून ते दोघे सकाळपासून हमरीतुमरीवर आले होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचे कापिल आणि भद्रसेन ते तुम्ही दोघे. नंदिय म्हणजे तुमचे भांडण सोडवू पाहणारा हा नवदीक्षित तरुण श्रामणेर. सोणा आज भिक्षुणी सुमनी आहे. तुम्ही वाद घालीत होता तेव्हा ती तापाने फणफणलेल्या एका परक्या बाईच्या उशाशी बसली होती, आणि अजून तिथेच आहे. आणि तो तापस मीच होतो. त्या जन्मी मी शीलाची पारमिता, म्हणजे पूर्णता, साधली. ते शील करुणेच्या पोटी जन्मले होते."

दोघे भिक्षू उठले, त्यांनी पाण्याचा घडा उचलला आणि ते सुमनीकडे गेले.