व इतर

एका विद्यापीठात एकदा एक ज्ञानी गुरू होते. निदान दारावरची पाटी तरी तसं सांगायची. मातीवर त्यांचे शंभरावर शोधनिबंध होते. माती खणायला मात्र विद्यार्थी जात.

त्यांची एक शिष्या प्रबंधावर सही घ्यायला चौथ्यांदा उभी होती. जमा करायचा तो शेवटचा दिवस. गुरूंनी प्रबंध वाचला नाही. थेट मागची संदर्भसूची उघडली.

"इथे तीन-तीन नावं कशाला? विभागाची शैली ठरलेली आहे. पहिलं नाव, पुढे 'व इतर'."

"सर, त्यातलं तिसरं नाव माझं आहे. दोन वर्षं नमुने मीच गोळा केलेत."

"अगं, नावाचा मोह संशोधकाला शोभत नाही."

विद्यार्थ्यांबरोबरच्या प्रत्येक निबंधात पहिलं नाव गुरूंचंच असल्यामुळे हे वैराग्य त्यांना सहज जमत होतं.

शिष्या धुसफुसत ग्रंथालयातल्या संगणकावर येऊन बसली. सूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिने रिफ्रेशचं बटण दाबलं, आणि तिने हाताने टाकलेली सगळी नावं पुसली गेली. तिने टेबलावर मूठ आपटली.

म्हातारे ग्रंथपाल उठून आले. काही न विचारता त्यांनी विभागाच्या शैलीची फाइल उघडली, त्यातला एक आकडा बदलला, फाइल पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये बसवली आणि सूची छापायला दिली. एकोणीस पानांची एकतीस पानं झाली.

"काका, हे काय केलंत? आता सर सही करतील का?"

ग्रंथपाल शांतपणे म्हणाले, "तू सूचीत नावं भरत होतीस, मुली. ती टिकायची कशी? वगळायचं कुणाला हे या फाइलीत ठरतं. लेखक दोन झाले की एकच दाखवायचा, असा नियम होता. तिथे मी आता दोनाचे शंभर केले. तो दोनाचा आकडाही बारा वर्षांपूर्वी मीच घातला होता. सरांनी सांगितलं म्हणून."

"आणि बारा वर्षं गप्प बसलात?"

"बसलो."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची. तरी बसलो."

अशा प्रांजळपणाचं कौतुक करायची पद्धत आहे. तिने केलं नाही. कागद उचलले आणि जिना चढली.

गुरू पानं उलटू लागले तसे लाल होत गेले. भोये, तडवी, गावित... जुने विद्यार्थी रांगेने बाहेर येत होते. "हा काय बाजार मांडलायस?" ते ओरडले, आणि एका पानावर थबकले. चाळीस वर्षांपूर्वीचा निबंध. पहिलं नाव त्यांच्या गुरूंचं, चौथं त्यांचं स्वतःचं.

"चार महिने नदीकाठी तंबूत काढले होते मी यासाठी," ते हळूच म्हणाले. "सगळे याला आमच्या सरांचंच काम म्हणतात." बराच वेळ त्यांचं बोट त्या ओळीवर राहिलं. मग त्यांनी पान बाजूला काढलं. "हे राहू दे. बाकीची काप."

शिष्येला हसावं की किंचाळावं कळेना.

"सर, आकडा एकच आहे. तो सगळ्यांना लागतो. तुमचं नाव राहिलं तर सगळ्यांचं राहील. माझंही."

"एवढ्यापुरतं काही करता येत नाही?"

"हाताने टाकता येईल. रिफ्रेश केलं की जाईल."

गुरूंनी पेन उघडलं आणि सही केली.

सहीची शाई वाळेपर्यंत शिष्या त्यांच्याकडे बघत होती. त्यांचं मन बदललेलं नाही, हे तिला लख्ख दिसलं, आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही. प्रबंध जमा करण्याआधी ती विभागात गेली आणि तिथल्या सहाही संगणकांवर नवी फाइल बसवून आली.

मोठी माणसं सुधारतील म्हणून थांबण्यात आपल्या पिढ्या गेल्या; तोवर आकडा तरी बदलून ठेवावा.