चित्राची मागची बाजू

एकदा एका वृद्ध चित्रकार बाईंपुढे मोठा पेच उभा राहिला. कुमुदबाई त्यांचं नाव. आमच्याच मजल्यावर राहतात, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं.

तरुणपणी त्या नव्या वळणाची चित्रं काढणाऱ्या मंडळींत होत्या. त्या मंडळींत बाई म्हणून एकट्याच. कॅनव्हास परवडत नसे, म्हणून एकाच्या चित्राच्या पाठीवर दुसरा आपलं चित्र काढी. बाईंनीही आपलं एक चित्र मित्राला असंच दिलं. मित्र पुढे थोर झाला. त्याची बाजू संग्रहालयात झळकली, बाईंची भिंतीला टेकून राहिली. बाईंचं नावही कुणाला आठवेना. मित्र आता हयात नाही.

पुढे ते कापड जीर्ण झालं. आधार म्हणून एका बाजूवर नवं कापड चिकटवायचं ठरलं, म्हणजे ती बाजू कायमची झाकली जाणार. बाईंची शिष्या ऋजुता हिने संग्रहालयाशी भांडून मागचं चित्र कुणाचं ते पटवून दिलं. तिथले साहेब भले होते. म्हणाले, "कुठली बाजू राखायची ते बाईंनीच सांगावं."

ऋजुता हे सांगायला धावत आली, तेव्हा मी अळूवड्या द्यायच्या निमित्ताने तिथेच बसले होते.

"बाई, तुमची बाजू राखा म्हणून कळवते."

"थांब. आधी त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहा."

"मी काय केलं?"

"काही नाही. राहा उभी."

ती राहिली. बाईंनी मला चहा दिला, वड्यांत चिंच कमी पडली म्हणाल्या, माझ्या सुनेची चौकशी केली. आम्ही दोघी हसतोय, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "काकू, विचारा ना बाईंना, अजून किती वेळ?"

"वळ आता," बाई म्हणाल्या. "कसं वाटलं?"

"तुम्ही दोघी इथेच, आणि मी असून नसल्यासारखी."

"मी जन्मभर तशीच होते, बाळ. तुझा राग माझ्यापायी आहे, ते कळतं मला. पण ते दुःख ज्याने भोगलं, त्याने दुसऱ्याला तिथे उभं करू नये. माझा मित्र तर गेलेला, वळून विचारायचाही नाही. संग्रहालयाला सांग, कापडाच्या फक्त कडांना आधाराच्या पट्ट्या जोडा, दोन काचांमध्ये धरा आणि दालनाच्या मधोमध टांगा."

"आणि जमत नाही म्हणाले तर?"

बाईंनी कप खाली ठेवला. "तर माझी बाजू राख. मी काही संत नाही."

जमलं. तसा फोन आला, तेव्हा बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि नुसतं "बरं झालं" म्हणाल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. लोक चित्राभोवती वळसा घालत होते.

"बाई, आधी कुठली बाजू बघू?" ऋजुताने विचारलं.

"जिथे गर्दी कमी असेल ती."

ऋजुताने दोन्हीकडे डोकावून पाहिलं, हसली, आणि त्या मित्राच्या चित्रापुढे जाऊन शांतपणे उभी राहिली.