रडणारं सोन्याचं झाकण

एका राज्यात एक राजा होता. त्याला दोन कान होते आणि दोन्ही बंद होते. जन्माने नव्हे, शापाने.

झालं होतं ते असं. ऐन उन्हाळ्यात राजा धीरकेतू दरबारात आंबे खात बसला होता. झरणी नावाची चेटकीण गाऱ्हाणं घेऊन आली. महामात्य धूर्जटी म्हणाले, "महाराज खात आहेत. थांब." ती थांबली. राजा खातच राहिला. अखेर ती कडाडली, "खाताना कान मिटतोस, राजा? मग मिटलेलेच राहू देत! हे आंबे दिले त्या तुझ्या बागेतल्या झाडावर आता तीनच उरलेत. त्यांचं पक्वान्न कर, खाली रसाळ आणि वर कुरकुरीत. त्याची कुरकुर ऐकू आली तरच तुझे कान उघडतील. तिन्ही आंबे सरले की उतारा नाही." एवढं बोलून ती दरबाराच्या दाराशी दगडी खांब होऊन उभी राहिली.

तेव्हापासून राजाला काही ऐकू येईना. पापड, चणे, कडबोळी सगळं चावून झालं. त्याच्या तोंडात सगळं मुकं. प्रजेने गाऱ्हाणं मांडलं की महामात्य बोटांनी खूण करत, 'सर्व कुशल आहे.' आणि राजा मान डोलवी.

राजकन्या शलाका हे पाहून धुमसत असे. एकदा तिने वडिलांना हाक मारली, पुन्हा मारली, मग ओरडून मारली. राजा खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याच पावली ती मुदपाकखान्यात गेली.

झाडावरचा एकेक आंबा भोपळ्याएवढा. शलाकेने पहिला उतरवला, फोडी करून परातीत पसरल्या, वर मूठभर जांभळं टाकली. जाडसर रव्यात थंड तूप आणि गूळ घालून बोटांनी चुरलं, त्यात काजूचे तुकडे मिसळले आणि तो चुरा फोडींवर सारखा पसरला. भट्टीत वरचा थर खमंग तांबूस झाला. तिने एक कोपरा मोडून खाल्ला. कुर्र!

मग रिवाजाप्रमाणे परातीवर सोन्याचं घुमटदार झाकण बसलं. राजापुढे उघडं अन्न जायचं नाही, हा त्या राज्याचा नियम. दरबारापर्यंत सात दरवाजे. प्रत्येक दरवाजात एक वृद्ध मानकरी परात थांबवून आशीर्वाद म्हणे. शेवटी झाकण उचललं, तेव्हा त्याच्या आतून थेंब टपटपत होते. मानकऱ्यांनी ते बोटावर घेऊन डोळ्यांना लावले.

"झाकणालाही महाराजांचं दुःख आहे," धूर्जटी गहिवरून म्हणाले.

राजाने घास घेतला. थर लापशीसारखा मऊ. आवाज कुठला यायला?

"रवा साधा होता, बाळ," धूर्जटी म्हणाले. "राक्षसाच्या जात्यावरचा रवा, चंद्रगाईचं तूप आणि निजलेल्या डोंगराच्या पोटातला निखारा आणावा. पूर्वजांनी असंच सांगितलंय."

"पूर्वजांनी कधी भट्टी पेटवली होती?"

"नव्हती. म्हणूनच ते पूर्वज."

याचा अर्थ शलाकेला लागला नाही, तरी ती निघाली. राक्षस झोपला होता. त्याच्या घोरण्याच्या तालावर तिने जातं फिरवलं आणि रवा घेतला. चंद्रगाय फक्त खरं बोलणाऱ्याला दूध देई. शलाकेने तिला महामात्यांविषयीचं आपलं मत सांगितलं आणि घागर भरली. डोंगराने जांभई दिली, तेव्हा चिमट्याने निखारा काढला. दुसरा आंबा उतरला, पक्वान्न झालं, कोपरा कुरकुरला. सात दरवाजे, सात आशीर्वाद. झाकण उघडलं आणि पुन्हा लापशी!

आता मात्र तिची मती गुंग झाली. इथे कुरकुरीत, तिथे मऊ. वाटेत काय होतं? दरवाजे भारलेले आहेत? मानकरी चेटूक करतात? की तिचेच दात खोटं बोलतात? एकच आंबा उरला होता. भर दुपारी ती झाडाखाली डोकं धरून बसली. वरून आवाज आला, टुक, टुक, टुक.

"गप्प रे! मला सुचत नाहीये."

"सुचेल कसं? तू दरवाजांवर चिडतेस," फांदीवरचा तांबट पक्षी म्हणाला. "माझा जन्म भांडी ठोकण्यात गेला. भांडी रडत नसतात, बाई."

"मग ते पाणी कुठलं?"

"भाताच्या पातेल्याला विचार."

शलाका धावत मुदपाकखान्यात गेली. चुलीवर भात रटरटत होता. तिने झाकण उचललं. आतून थेंब ओघळले. ती पाहतच राहिली.

"का गं," तिने झाकणालाच विचारलं, "तुलाही महाराजांचं दुःख आहे?"

तिसरा आंबा उतरला. शलाकेने परात भट्टीतून काढली आणि वाफा निघत असताना तशीच, उघडी, उचलली. पहिल्याच दरवाजात धूर्जटी झाकण घेऊन आडवे आले.

"उघडं अन्न? सात पिढ्यांत असं झालं नाही!"

"सात पिढ्यांनी ओलं खाल्लं, महामात्य. बाजूला व्हा, माझे हात भाजताहेत."

"आणि तुझं चुकलं तर?"

ती क्षणभर थबकली. चुकलं तर बाबा तिची हाक पुन्हा कधीच ऐकणार नव्हते. मनात अजून गोंधळ होताच. पण भाताच्या झाकणाला खोटं बोलायचं कारण काय? ती त्यांच्या काखेखालून वाकून निसटली आणि आशीर्वादांसाठी कुठेही न थांबता सातही दरवाजे पार करून गेली.

राजाने घास घेतला.

कुर्र.

त्याचा हात झटकन जबड्याकडे गेला. "कोण बोललं?"

"कुणी नाही, बाबा. तुमचेच दात."

राजाने मान वळवली. "शलाके! तुझा आवाज एवढा मोठा कधी झाला?"

"तुम्ही ऐकत नव्हतात तेव्हा."

दाराशी दगड तडकला. खांबातून झरणी बाहेर आली. "राजा, खाऊन झालं?"

राजाने परातीकडे पाहिलं. ती अजून भरलेली होती, वास दरवळत होता. त्याने ती बाजूला सारली. "नाही. पण तू बोल, बाई."

ती बोलली. राजाच्या नव्या कालव्याने तिच्या गावचा झरा आटला होता, एवढंच तिचं गाऱ्हाणं. दिवस मावळायच्या आत कालव्याचं तोंड वळवलं गेलं आणि झरा वाहू लागला. इकडे दरबाराच्या कोपऱ्यातून बारीकसा कुर्र ऐकू आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. महामात्य तोंड पुसत होते.

सोन्याचं झाकण आता बागेत उलटं ठेवलेलं असतं. त्यात तांबट पाणी पितो. त्या राज्यात पक्वान्न उघडं येतं, गाऱ्हाणं आधी ऐकलं जातं, मगच घास मोडला जातो. जसे त्या राजाचे कान उघडले, तसे तुमचेआमचे उघडोत. आणि मधल्या वेळी काही कुरकुरीत मिळो.