हाकेच्या टेकडीची रीत

चपला इथंच काढा, पाहुणे. आणि वर निरगुडीपाशी जाऊन बसायचं असेल तर आधी एवढं सांगा, की खालून तुम्हाला हाक कोण मारणार? हसण्यासारखं काही नाही त्यात. ज्याचं कोणी नाही त्याला गाव हाक मारतं, पण हाकेच्या सोयीशिवाय वर कोणी बसत नाही आणि ओ दिल्याशिवाय कोणी राहत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तर दिवस कलला की पायथ्याशी बायका उभ्या राहतात आणि वर बसलेल्या आपापल्या नवऱ्याला चारचौघांत नावानं हाक मारतात. एरवी याच बायका उखाण्याशिवाय नाव घेत नाहीत.

फार मागे या टेकडीवर एक साधू येऊन बसला, असं सांगतात. कुठला, कोणाचा, कोणाला ठाऊक नव्हतं. निरगुडीखाली बसायचा म्हणून लोक निरगुडीबुवा म्हणत. ना अंगारा, ना ताईत. त्याच्याकडे एकच औषध. कोणी रडत आलं, की तो विचारी, "रडतंय ते कोण? ते आधी बघ." दाढ ठणकते म्हणून एकजण गाल धरून वर गेला, त्यालाही म्हणे हेच विचारलं. तो बिचारा ठणकती दाढ घेऊन परत आला आणि बुवाला पोटभर शिव्या देऊन वैदूकडे गेला.

पण काहींना ते लागलं. खालच्या आळीत केरबा नावाचा दोर वळणारा होता, तो एकदा वर गेला तो बसलाच. बुवानं सांगितलं होतं, "कोणी नावानं हाक मारली, की ती ऐकून आत कोण उठतो ते पाहा." शिष्यांनी त्याचा अर्थ काय घ्यावा? हाकेला ओ द्यायचीच नाही! नाव आपलं नव्हे, मग ओ कशाला? जो जास्त वेळ गप्प राहील तो मोठा साधक. अशी दहाबारा धडधाकट माणसं तिथं मिटल्या डोळ्यांनी बसलेली, आणि घरी त्यांच्या बायकांचे हाल कुत्रं खाईना.

केरबाची बायको ठकू. पदरात पाळण्यातली पोर, आणि पोळा तोंडावर आलेला. पोळ्याला गावच्या बैलांना नवे दोर, नव्या वेसणी द्यायच्या, तेव्हा कुठं वर्षाचं धान्य घरात येणार. दोर चुकले तर शेतकरी दुसऱ्या गावाहून आणतील आणि धान्य देणारी ती घरं कायमची तुटतील. आता दोर काही एकट्यानं वळता येत नाही. एकानं टोक धरून पीळ द्यायचा, दुसऱ्यानं वाखाचे तंतू जोडत मागं मागं सरकायचं. ठकूनं टोक खुंटीला बांधून पाहिलं. दोर असा ढिला आला की शेळीसुद्धा तोडून गेली असती.

ती रोज टेकडी चढे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून लांबूनच म्हणे, "अवं, ऐकलं का?" केरबा हलायचा नाही. शेजारचे दोघे मात्र आपलीच बायको आली समजून दचकायचे. आणि बुवा तिलाच विचारायचा, "बोलावते आहे ती कोण?"

"ह्यांची बायको."

"त्याच्याआधी?"

"माझ्या बापाची लेक."

"आणि त्याच्याही आधी?"

"त्याच्याआधी मी सुखात हुते," ठकू म्हणायची आणि कपाळावर हात मारून खाली उतरायची. अशानं डोकं फिरेल नाहीतर काय होईल?

श्रावणातला शेवटचा सोमवार उजाडला. त्या दिवशी ठकू पोर काखेत घेऊनच चढली. दुपार उलटेपर्यंत ती हाका मारत राहिली. पोर रडून रडून निपचित झाली. केरबाच्या पापण्या थरथरत होत्या, पण ओठ घट्ट मिटलेले. तेव्हा ठकूचा राग नवऱ्यावरून उडाला आणि बुवावर गेला.

"समद्यांस्नी इचारता कोण हाय, कोण हाय. तुमास्नी कधी कुणी हाक मारली हुती का? तवा तुमी तरी ओ दिली?"

बुवानं खाली पायथ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई आली होती. याच पायथ्याशी उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत विसू, विसू करत होती."

"मग?"

"आत कोणीतरी उठलं होतं, बाई. मी त्याला दाबून खाली बसवलं. वाटलं, जिंकलं. ती निघून गेली. तेव्हापासून मी त्यालाच शोधतो आहे."

शिष्यांनी डोळे उघडले. बुवा त्यांच्यावर खेकसला, "पाहा म्हणालो होतो मी. गाडून टाका म्हणालो नव्हतो." आणि ठकूला म्हणाला, "मार हाक. नावानं मार."

ठकूनं एकवार इकडेतिकडे पाहिलं. लाज वाटली. पण पोरीकडे नजर गेली आणि लाजेचाच तिला संताप आला. सगळ्या टेकडीला ऐकू जाईल अशी ती ओरडली, "केरबा!"

"ओ," केरबा म्हणाला. म्हणाला कसला, त्याच्या तोंडून निघूनच गेलं. तो उभाही राहिला होता.

"कोण उठलं, दिसलं का?" बुवानं विचारलं.

"बघाया सवडच न्हाई घावली," केरबा म्हणाला आणि त्यानं पोर आपल्या काखेत घेतली. बुवाच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं.

पोळ्याला गावच्या प्रत्येक बैलाच्या गळ्यात नवा दोर होता. पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, पायथ्याशी आल्यावर ठकू थांबली. राग अजून गेला नव्हता. तरी तिनं मागं वळून हाक मारली, "विसू, ए विसू! भाकर झाकून ठेवते रं." सकाळी निरगुडीखालची जागा रिकामी होती. कोणी म्हणतं तो आईकडे गेला. आई तोवर होती की नव्हती, ते आम्हाला विचारू नका. विचारतात लोक. सांगायला कोणी परत आलं का?

आजही त्या सोमवारी सगळे नवरे ओ देऊन खाली उतरले, की बायका मिळून शेवटची हाक विसूला मारतात. इतक्या वर्षांत कधी ओ आलेली नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्या लगेच निघत नाहीत. थोडा वेळ कान देऊन उभ्या राहतात. मग घरी जातात आणि एक भाकरी झाकून ठेवतात.