पागोट्यातली डहाळी

विश्वास कोणावर ठेवाल, सांगा बरं? एकच काम पक्कं येतं म्हणणाऱ्यावर, की चार कामं थोडी थोडी येतात म्हणणाऱ्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. बाजारात बसून केस पांढरे झाले, तरी मला अजून गोष्ट सांगूनच उत्तर द्यावं लागतं.

फार जुन्या काळी घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती. तिथे दरसाल चाकरीची जत्रा भरे. रीत अशी, की काम मागायला आलेल्यानं आपल्या विद्येची खूण पागोट्यात खोचायची. लेखनिकानं बोरू, गवंड्यानं ओळंब्याची दोरी, वैद्यानं अडुळशाची डहाळी. धनी लोक तोंड बघत नसत, पागोटं बघत.

एक तरुण पाठशाळेची सर्वसाधारण विद्येची पदवी घेऊन या जत्रेत आला. थोडं व्याकरण, थोडा कायदा, थोडं वैद्यक, आणि परमुलखातल्या भाषा बोलण्यापुरत्या. आईनं गावभर पेढे वाटले होते. पण या पदवीला खूणच नव्हती.

"काय येतं रे तुला?" एका धन्यानं विचारलं.

"थोडं थोडं सगळंच, शेठजी."

"म्हणजे ताटाची डावी बाजू. चटणी, कोशिंबीर, लोणचं. भाजीभाकरी कुठाय?"

आजूबाजूचे हसले. तरुणाची मान खाली गेली. दुपारपर्यंत बरोबरीचे सगळे कामाला लागले, हा एकटा उरला. आता घरी काय तोंड दाखवायचं? कुंपणाला अडुळसा होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, डहाळी मोडली आणि पागोट्यात खोचली.

लगेच एका तांड्याचा नाईक पुढे आला. त्याचे बैल मीठ लादून घाटावर जायचे होते. "वैद्यबुवा, जनावरांचं दुखणंखुपणं बघाल ना?"

"बघेन की," तरुण म्हणाला. 'वैद्यबुवा' हा शब्द कानाला फार गोड लागला.

तांड्यात एक विधवा बाई होती. तिचा एकुलता बैल, कवड्या. वासरू असल्यापासून हातानं भरवून वाढवलेला, आणि आता तिचं पोट त्याच्याच पाठीवर. घाटाच्या मध्यावर बैल ओल्या कोवळ्या चाऱ्यात शिरले. बाकीचे निभावले. कवड्याचं पोट मात्र नगाऱ्यासारखं फुगलं.

"वैद्यबुवा, बघा ना. रवंथ करीनासा झालाय," बाई म्हणाली.

नाईक म्हणाला, "खालच्या वाडीत एक धनगर जनावरांना औषध देतो म्हणतात. माणूस धाडू का?"

तरुणाला पाठशाळेतला धडा लख्ख आठवला. पोटफुगीत वेळ दवडू नये, जाणत्याला बोलवावं. तेवढं त्याला नक्की येत होतं. पण धनगराला बोलावलं, तर नाईक म्हणणार, मग तू कशाला आहेस?

"गरज नाही," तो म्हणाला. "मी काढा देतो."

काढा अडुळशाचा, म्हणजे खोकल्याचा. हेही त्याला ठाऊक होतं.

उन्हं कलायच्या आत कवड्या आडवा झाला, तो उठलाच नाही.

बाई रडली नाही, भांडली नाही. तरुणाजवळ येऊन हळूच म्हणाली, "माझंच चुकलं का हो? चाऱ्यात मीच सोडला होता त्याला."

हे मात्र त्याला सोसेना. त्यानं डहाळी काढून टाकली. "नाही मावशी. मी वैद्य नाही. मला थोडं थोडं सगळंच येतं. धनगराला बोलवायला हवं, एवढं मला कळत होतं. तेच मी बोललो नाही."

नाईकानं ती डहाळी उचलून पाहिली. मग म्हणाला, "जत्रेत मी खरं तर कारभारी शोधत होतो. जकातीच्या नाक्यावर कायदा बोलेल, परमुलखात भाषा सांभाळेल, दुखणं ओळखून योग्य माणसाला हाक मारेल, असा. त्या कामाची खूण नसते. रिकाम्या पागोट्यानं कोणी पुढे येईना, म्हणून निदान वैद्य तरी घेतला."

नाईकानं डहाळी दरीत टाकून दिली.

"आता ते काम तुला देववत नाही," नाईक म्हणाला. "न येणारं येतं म्हणालास, तेही एकवेळ गिळलं असतं. येत होतं, तेच दाबून ठेवलंस."

मावशीला दुसरा बैल होईपर्यंत तिच्याकडे बिनपगारी राबायचं, हे तरुणानं स्वतःच ठरवलं. वाटेत कोणी विचारलं, तर सांगे, "थोडं थोडं सगळं शिकलोय. वैद्य नाही." पुढे नाईकानं नाक्यावरचं बोलणं त्याच्यावर सोपवलं, तेही बऱ्याच उशिरा. मावशी त्याला कधी टाकून बोलली नाही. जेवायला हाक मारताना 'बाळा' म्हणायची, आणि तो अर्ध्या ताटावरून उठून कामाला लागे.

तात्पर्य: थोडं थोडं सगळं येणं ही लाज नव्हे. 'इथवर मला येतं, पुढचं त्याला विचारा' हे सांगता आलं, तर त्या विद्येला मोल आहे. लपवलं, तर तीच विद्या दुसऱ्याच्या जिवावर उठते. म्हणून बाबांनो, पदवी कुठलीही घ्या, पण आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, याचा हिशेब तेवढा खरा ठेवा.