थोटकाने सोडवलेलं गणित

फार मागची गोष्ट. तेव्हा वर्गात खडू बोलायचे आणि पोरं गप्प बसायची. फळ्यावर इंटिग्रेशन पडलं होतं: कंसात एक्सचा वर्ग अधिक एक, कंसाचा दहावा घात, गुणिले दोन एक्स डीएक्स. एक नवाकोरा लांबलचक खडू ऐटीत कंस उलगडायला गेला. गुणता गुणता फळा भरला, खडू संपला, गणित तसंच राहिलं.

उरलं नखाएवढं थोटूक.

डस्टरकाका म्हणाले, “तू तर दोन ओळींत झिजशील. नाही सुटलं तर आज टोपलीत.”

“आधी फळा पुसा काका, मग धमक्या द्या.”

थोटकाने अख्ख्या कंसालाच यू म्हटलं. बाहेरचं दोन एक्स डीएक्स म्हणजे नेमकं डीयू निघालं. उत्तर आलं: यूचा अकरावा घात भागिले अकरा. थोटूक छाती काढून उभं राहिलं.

“हा यू कोण? प्रश्नात तर नव्हता,” काकांनी चिमटा काढला.

थोटूक ओशाळलं. काकांनी यू पुसला, थोटकाने तिथे कंस बसवला.

“आणि शेवटचा स्थिरांक, अधिक सी?” काकांनी विचारलं.

थोटूक आता कणभरच होतं. तेवढ्याशा खडूत अधिक सी मावला. मागे चिमूटभर भुकटी उरली, ती काकांच्या अंगावर बसली.

काका ती अजून कुणाला झटकू देत नाहीत. म्हणतात, “हात लावू नका, बिल्ला आहे तो.”